उंदीरवाल्याची गल्ली

मी एक जुना पिंजरा आहे. पोपटाचा नव्हे, उंदरांचा. नाकं मुरडून झाली असतील तर पुढचं सांगतो. मित्रांनो, हल्ली मी एका शाळेच्या कपाटात नकाशांच्या शेजारी राहतो. म्हातारपणी आमच्यासारख्याला याहून चांगली जागा कोण देणार?

मला घडवणाऱ्याचा धंदाच उंदीर पकडण्याचा. बाजारातले पिंजरे कुचकामी म्हणून त्यानं जाड फळी घेतली, तिच्यावर एकेक करून लोखंडी तारा ठोकल्या आणि दाराला अशी स्प्रिंग बसवली, की आमिषाला तोंड लागलं रे लागलं की खटकन बंद! फळीच्या तळाशी तापल्या सळईनं त्यानं स्वतःचं नाव आणि धंदा कोरला. गोदामं म्हणू नका, बेकऱ्या म्हणू नका, सगळीकडून आम्हाला बोलावणी यायची. लोक मागच्या दारानं आत घेत, पण काम झालं की तोंडभर कौतुक करत.

मग एका वर्षी शहरात तापाची साथ आली. ती उंदरांमुळे पसरते असं डॉक्टर सांगू लागले आणि आम्हाला पाणी प्यायलाही फुरसत मिळेना. दिवसाला चौदा-चौदा उंदीर मी धरले. पण ज्या चावून ताप माणसांना लागतो, त्या त्यांच्या अंगावरच्या पिसवा माझ्या तारांमधून खुशाल बाहेर पडत होत्या. मला दिसत होतं, पण तोंड असतं तर ओरडणार ना! सातव्या आठवड्यात आमचा उंदीरवाला तापानं अंथरुणाला खिळला आणि चौथ्या दिवशी गेला. त्याला मीच मारलं, असं मला आजही वाटतं.

त्याच्या बायकोनं मला माळ्यावर टाकलं. खाली त्यांचा मुलगा मोठा झाला, पाणीखात्यात कारकून झाला, त्याचं लग्न झालं, मुलं-नातवंडं झाली. मला कुणी हात लावला नाही. गंजणं एवढंच काम उरलं.

त्या मुलाची नात पुढे शिक्षिका झाली. एकदा तिनं वर्गाला घरचा अभ्यास दिला, की आपल्या रस्त्याला नाव कसं पडलं ते घरी विचारून या. तेव्हा एका चोंबड्या पोरीनं विचारलं, "बाई, तुम्ही उद्यान मार्गावर राहता ना? मग तिथं उद्यान कुठंय?"

उद्यान सोडा, त्या रस्त्यावर धड एक कुंडी नव्हती. मग बाईनं नगरपालिकेतले जुने नकाशे धुंडाळले. सर्वांत जुन्या नकाशावर नाव निघालं, उंदीरवाल्याची गल्ली. घरी तर आजोबांनी आपला बाप गोदामात कामाला होता असंच सांगितलेलं! तिनं माळा उपसला, मला उलटं केलं आणि तळाचं नाव वाचून ती आनंदानं ओरडलीच.

"साथीत लोकांचे जीव वाचवले म्हणून पणजोबांचं नाव दिलं असणार!" असं ती गल्लीभर सांगत सुटली. शेजारचा शिंपी म्हणाला, "बघा, आमच्या आजोबांना माणसाची किंमत होती." जुनं नाव परत मिळावं म्हणून तिनं अर्ज केला. कचेरीतल्या माणसानं जुनी फाईल काढली. नाव बदलून मागणारा साठ वर्षांपूर्वीचा अर्ज त्यात होता, आणि खाली सही तिच्या आजोबांची होती.

घरी येऊन तिनं त्याची नक्कल आजोबांपुढे ठेवली. मी तिथंच टेबलावर होतो.

"हे तुमचंच अक्षर ना, आजोबा?"

म्हाताऱ्यानं चष्मासुद्धा शोधला नाही. "माझंच."

"बापाच्या धंद्याची लाज वाटली तुम्हाला?"

"लाज कसली गं? तो आजारी पडला आणि लोकांनी गल्लीच्या तोंडाशी दोरी बांधली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगायचे, तिकडं जाऊ नका, ती उंदीरवाल्याची गल्ली आहे. असं पडलं ते नाव. चार दिवस कुणी घोटभर पाणी दिलं नाही. गेला तेव्हा उचलायलाही कुणी आलं नाही. आईनं आणि मी हातगाडीवर घालून नेला त्याला. मी नऊ वर्षांचा. चढ लागला की गाडी मागं यायची, पोरी."

गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ते खोटं नाही. पण इथं तर वैद्याचं नावच धोक्याची पाटी झालं होतं.

"मग उद्यान कुठून आणलंत?" तिनं हळूच विचारलं.

"अर्जात काहीतरी लिहावं लागतं. उद्यान या नावात कुणी माणूस नव्हता, म्हणून तेच लिहिलं."

"राहू दे, आजोबा. मी अर्ज मागं घेते."

दोन दिवस म्हातारा धड जेवला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तिला हाक मारली. "मागं घेऊ नकोस. मी नाव पुसलं, त्याबरोबर त्या लोकांनी केलेलंही पुसून गेलं. बापाच्या बाजूनं बोलणारा मी एकटा उरलो होतो, आणि मीच तोंड शिवून बसलो. कारणाच्या रकान्यात खरं ते लिही."

तिनं लिहिलं. त्यानं सही केली. आता गल्लीतल्या पाच जुन्या घरांच्या सह्या हव्या होत्या.

शिंपी कागद वाचून म्हणाला, "लोकांनी प्रेमानं नाव दिलं असं लिहा, आत्ता सही करतो. पण हे? माझ्या आजोबांनी दोरी बांधली असं लिहून देऊ?" दुसऱ्यानं म्हटलं, गाडलेली मढी कशाला उकरायची. बाकीचे "बघू" म्हणाले. म्हातारा महिनाभर रोज दुपारी दारात खुर्ची टाकून बसला, खिशात पेन ठेवून. "तेव्हाही कुणी आलं नव्हतं," एवढंच तो एकदा म्हणाला.

महिन्यानं तो गेला. त्या दिवशी मात्र अख्खी गल्ली आली. त्याला उचलायला चढाओढ लागली. शिंपी तर ढसाढसा रडला. टेबलावर तो कागद तसाच होता, आणि सगळे त्याच्या शेजारून गेले. परत आल्यावर "बघू" म्हणालेल्यांतल्या एकट्या बेकरीवालीनं पदरानं डोळे पुसून सही केली.

नात मला शाळेत घेऊन आली. मित्रांनो, आज घरी गेलात की आपल्या रस्त्याला नाव कसं पडलं ते जरूर विचारा. सांगणारा अडखळला, तर त्याच्या तोंडात गोड उत्तर घालू नका, थांबा आणि सगळं ऐका. आणि तुमच्यापैकी कुणाचं घर उद्यान मार्गावर असेल, तर मोठ्या माणसांना घेऊन इथं या. या कपाटाला कुलूप नसतं. कागद माझ्याखालीच ठेवलाय, आणि त्यावर चार जागा अजून रिकाम्या आहेत.