चढावर उभी राहिलेली मोटार

मित्रांनो, मी कारभारीची जुनी मोटार. पूर्वी मी पेट्रोलवर चालायचे. पुढे नगरच्या एका गॅरेजात माझ्या पोटात डिझेलचे इंजिन बसवले आणि मी अकोले तालुक्यात भाड्याने फिरू लागले. भंडारदऱ्याच्या वाटेवरचे चढ मी भरल्या पोटी चढायचे. लोक कौतुक करायचे आणि मी फुगून जायचे.

मग मला एक खोड लागली. सकाळी काही केल्या सुरू होईना. कारभारीने नवी बॅटरी घातली, तरी तेच. तेव्हा त्याने दुखणे शोधायचे सोडून युक्ती काढली. तो मला नेहमी उतारावर, तोंड खाली करून उभी करू लागला. ब्रेक सोडला की मी घरंगळायचे आणि सुरू व्हायचे. आमच्याकडे उताराला काय तोटा? माझे दुखणे झाकले गेले, आणि खरे सांगते, मलाही ते बरेच वाटले.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात कारभारीच्या ओळखीच्या सहादेवच्या मुलीचे, बनूचे, लग्न होते. नवरीला सासरी न्यायला मला सजवून तिच्या गावी नेले. नवऱ्याची आत्या केशरबाई म्हणाली, मारुतीकडे पाठ करून मोटार उभी करायची नाही. देऊळ टेकाडावर. कारभारीला भीड पडली. मी चढाकडे तोंड करून दुपारभर उभी राहिले.

बनू डोळे पुसत आत बसली. कारभारीने बटण दाबले. मी नुसतीच घरघरले. पुन्हा दाबले, पुन्हा तेच.

केशरबाई सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "येताना कशी नीट आली. पोरगी बसली आन् अडली. पाय बरा न्हाई हिचा."

बनू मान खाली घालून उतरली. सहादेवचा चेहरा पडला. दुखणे माझे आणि बोल त्या पोरीला! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

कारभारीने बॉनेट उघडले. स्टार्टर जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरी चांगली. मागे धूर अजिबात नव्हता, म्हणजे इंजिनाला डिझेलच मिळत नव्हते. फिल्टरचा स्क्रू सैल केला, तर नुसते बुडबुडे आले. नळीच्या जोडातला तांब्याचा वायसर, म्हणजे बारीक चकती, झिजला होता. तिथून हवा शिरायची, आणि माझे तोंड वर असले की डिझेल मागे टाकीत उतरायचे. त्याने वायसर बदलला, हाताने पंप मारून हवा काढली, बटण दाबले. मी सुरू झाले.

"बघा," केशरबाई म्हणाली, "ती उतरली आन् सुरू झाली."

कारभारीने मला बंद केले. पुन्हा सुरू झाली नाही तर, म्हणून लोक त्याच्यावर चिडले. त्याने झिजलेला वायसर हातावर घेऊन सर्वांना दाखवला.

"खोट ह्यात हाय. गाडी दुखती हे मला लई दिस ठावं हुतं, म्या झाकून ठिवलं. पोरीला बोलू नगा." मग दार उघडून म्हणाला, "बस बनू."

ती बसली. माझा जीव टांगणीला लागला होता. त्याने बटण दाबले आणि मी पहिल्याच झटक्याला सुरू झाले. केशरबाई बनूशेजारी येऊन बसली.

मित्रांनो, यंत्र कुरकुरले तर त्याच वेळी उघडून पाहा. माझ्या एका वायसरापायी एका नवरीने साऱ्या गावासमोर मान खाली घातली, आणि सासर येईपर्यंत ती काही वर झाली नाही.