पांढऱ्या कोटातला कप्तान

दुपारची जेवणं उरकली की लाँड्रीत तासभर सामसूम व्हायची. मशिनं थांबलेली, गिऱ्हाइकांची ये-जा बंद, वाफेने ओलसर झालेल्या भिंती, आणि दोरीवर ओळीने टांगलेले परक्यांचे कपडे. अशाच एका दुपारी इस्त्रीच्या टेबलापाशी उभी असलेली धाकटी मोबाइल हातभर लांब धरून खुदकन हसली, आणि काउंटरवर बसलेल्या मोठीच्या पोटात दुखायला लागलं.

मोठी आणि धाकटी सख्ख्या जावा. मोठीचा नवरा लाँड्रीचा मालक. त्याला सगळे मालकच म्हणत, बायकोसुद्धा. धाकटीचा नवरा मशिनच्या कामात हुशार, स्वभावाने मोकळा; तो एका आजारपणात गेला तेव्हा धाकटीने चाळिशीही गाठली नव्हती. तिच्या मामांनी एकदा भीत भीत दुसऱ्या लग्नाचा विषय काढला होता. तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "तिला इथे काय कमी आहे? दोन वेळचं जेवण आहे, डोक्यावर छप्पर आहे, घराण्याचं नाव आहे." मामा चहा न घेताच गेले. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही, आणि धाकटीला काय हवंय हेही कुणी विचारलं नाही. तिने इस्त्री हातात घेतली ती घेतलीच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती उभी असे. डाग काढावा तर तिने आणि कॉलर बसवावी तर तिनेच. पगाराचा प्रश्नच नव्हता, कारण ती घरची होती. सुटीचाही नव्हता, कारण घरच्याला कसली सुटी!

आणि अशी ही बाई हसत होती.

"एवढं काय आहे गं त्यात?" मोठीने विचारलं.

"काही नाही ताई. आमच्या कट्ट्यावरचे बसड्रायव्हर आहेत ना, ते रिटायर झाले तरी पहाटे चारला उठून दाढी करतात. आज म्हणे चुकून बसस्टॉपपर्यंत चालत गेले."

"कट्टा म्हणजे?"

धाकटीने लपवलं नाही. एकट्या पडलेल्या, वय झालेल्या माणसांना जोडीदार मिळावा म्हणून एक साइट होती, आणि तिथे सगळ्यांनी मिळून गप्पा मारायची एक जागा होती. "डेटिंगची म्हणतात, पण तसलं काही नसतं हो," ती म्हणाली, आणि लाजली. ते लाजणं मोठीच्या काळजात रुतलं. आपण शेवटचं कधी लाजलो होतो, हे तिला आठवेना.

दोन दिवस मोठी धुमसत होती. हिला नवरा नाही तरी हिच्याशी बोलायला माणसं आहेत! मला नवरा आहे. तो घरात आला की पंखा लावतो, टीव्ही लावतो आणि ताट कुठे आहे विचारतो. मग तिने मनाला समजावलं की प्रश्न आपला नाही, घराच्या अब्रूचा आहे. हिला रंगेहाथ पकडलं पाहिजे. मत्सराला असं एखादं भारदस्त नाव दिलं की तो चारचौघांत ताठ मानेने फिरू शकतो.

जुना मोबाइल कपाटात पडला होता. नाव काय घ्यावं याचा विचार करत असताना तिचं लक्ष दोरीवर गेलं. कुण्या जहाजावरच्या अधिकाऱ्याचा पांढराशुभ्र कोट धुऊन, इस्त्री होऊन टांगलेला होता, सोनेरी बटणं चमकत होती. मोठीने त्याचा फोटो काढला, मानेच्या वरचं काही दिसणार नाही असा, आणि ती कट्ट्यावर दाखल झाली ती निवृत्त कप्तान म्हणून. मोठीने समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिला होता.

कट्ट्यावर तिला वाटलं होतं तसं काहीच नव्हतं. लग्न जमवायला आलेली ती माणसं लग्नाचं बोलायला संकोचायची, म्हणून गुडघ्यांचं बोलायची, भाजीच्या भावाचं बोलायची, शिवणातली सुई हरवल्याचं बोलायची. एक भूगोलबाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या सगळ्यांच्या जणू मॉनिटर. रोज दुपारी त्या हजेरी घेतल्यासारखं विचारायच्या, "चला, कुणाच्या खिडकीतून काय दिसतंय?" आणि मग ज्याने त्याने सांगायचं. पहिल्याच दिवशी कप्तानाची पाळी आली. मोठी तेव्हा लाँड्रीच्या वरच्या घरात, स्वयंपाकघरात होती. डोकं चालेना, म्हणून समोर दिसलं तेच तिने लिहिलं: शेजारच्या इमारतीवरची पाण्याची टाकी, निळं झाकण, झाकण उडू नये म्हणून वर ठेवलेली वीट.

"अहो कप्तान, समुद्र कुठे गेला?" बसड्रायव्हरने विचारलं.

मोठीने लिहिलं, "आयुष्यभर समुद्र बघून वीट आला, म्हणून आता टाकी बघतो."

कट्टा खो खो हसला. भूगोलबाईंनी लिहिलं, "कप्तान भलतेच मिश्किल आहेत!" मोठी मोबाइलकडे बघतच राहिली. तिला कुणी मिश्किल म्हटलं नव्हतं. गॅसवरचं दूध उतू गेलं तेही तिला कळलं नाही.

पकडायला आलेली बाई अशी हळूहळू स्वतःच अडकली. दुपार कधी होते याची ती वाट बघू लागली. कप्तान आणि धाकटी यांचं वेगळंही बोलणं होऊ लागलं. वर स्वयंपाकघरात एक, खाली इस्त्रीपाशी दुसरी. एरवी दिवसभरात दोघींचं बोलणं 'साबण संपला' आणि 'गिऱ्हाईक आलंय' यापलीकडे जात नसे. कप्तानाला मात्र धाकटी सगळं सांगे. उभं राहून पोटऱ्या कशा भरून येतात, नवरा गेल्यावर त्याच्या शिट्टीची कशी आठवण येते, इस्त्री करताना त्या कपड्यांतली माणसं कुठे जात असतील याचा ती कसा विचार करते. मोठीला वाईट वाटे आणि रागही येई. हे सगळं ही मला का सांगत नाही? त्या उपटसुंभ कप्तानाला का सांगते? कप्तान आपणच आहोत हे ती अशा वेळी साफ विसरून जाई.

त्यातच चष्मेवाला आला. म्हणजे तो कट्ट्यावर होताच. बायको गेलेला, कमी बोलणारा, चष्म्याचं छोटं दुकान चालवणारा माणूस. धाकटीने एकदा लिहिलं की मोबाइल हातभर लांब धरल्याशिवाय तिला अक्षर दिसत नाही. त्यावर तो म्हणाला, "हात लांबवून किती दिवस भागणार? रविवारी दुकानात या. डोळे तपासू, चहा घेऊ. बहिणीलाही बोलावतो, म्हणजे तुम्हाला अवघडल्यासारखं होणार नाही."

धाकटीने ते कप्तानाला सांगितलं. "जाऊ का?" तिने विचारलं.

मोठीच्या अंगाचा तिळपापड झाला. आता ती जळत होती तरी कुणावर? धाकटीवर, की धाकटी ज्याच्याकडे जाणार त्या माणसावर? तिला नीट सांगता आलं नसतं. तिने धाकटीच्या तोंडून काहीतरी वाकडं वदवून घ्यायचं ठरवलं. "आधी सांगा, घरात तुम्हाला त्रास कुणाचा आहे? जाऊ छळते का?"

उत्तर लगेच आलं. "नाही हो. मला त्यांचं वाईट वाटतं. मला नवरा नाही, म्हणून लोक निदान मला बिचारी म्हणतात. त्यांना नवरा आहे, म्हणून त्यांना कुणी काही विचारतच नाही. सगळ्यांना चहा देतात, पण तुमचा चहा झाला का, असं त्यांना कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. मीही कधी विचारलं नाही. मला त्यांची भीती वाटते."

मोठीने मोबाइल पालथा ठेवला. डोळ्यांत पाणी आलं, पण ते तिने रागाने पुसलं. माझी कीव करते? ही? शनिवारी दुपारी पानं वाढता वाढता तिने ठिणगी टाकली. "अहो, तुमची भावजय उद्या कुणाला भेटायला जाणार आहे, विचारा जरा तिला."

मग जे व्हायचं ते झालं. मालकांचा हात तोंडाशीच थांबला. सासूबाईंनी पाण्याचा पेला आपटला. "मोबाइल दे," मालक म्हणाले. धाकटीने निमूटपणे दिला. मालकांनी वाचायला सुरुवात केली, आणि चष्मेवाल्यापर्यंत पोचण्याआधीच ते गरजले.

"हा कप्तान कोण? याच्याशी तर रोज गप्पा! पोटऱ्या दुखतात म्हणून सांगतेस तू परक्या माणसाला? लाज नाही वाटत?"

मोठीच्या तोंडचं पाणी पळालं. याचा तिने विचारच केला नव्हता.

"उद्याच्या भेटीचं नंतर बघू," मालक म्हणाले. "आधी या कप्तानाची हाडं मोकळी करतो. कुठे राहतो? नाव काय त्याचं?"

"त्यांना काही बोलू नका," धाकटी हळूच म्हणाली. "चांगलं माणूस आहे ते."

"नाव सांग!"

"नाही सांगणार."

"अगं, सांगून टाक," सासूबाई कडाडल्या. "नाहीतर आजपासून मोबाइल बंद, बाहेर जाणं बंद. कट्ट्यावर जाणारी सून नकोय या घराला. घराण्याच्या नावाला काळिमा फासतेस!"

"बंद करा," धाकटी म्हणाली. तिची मान खाली गेली नाही. "पण नाव नाही सांगणार."

आणि तिने मोठीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, टोमणा नव्हता. मोठीच्या लक्षात आलं, आणि तिच्या हातातला डाव ताटात पडला. हिला माहीत आहे. हिला आधीपासून माहीत आहे, आणि उद्याची भेट, हातातला मोबाइल, सगळं जाऊ देऊन ही मला वाचवते आहे!

गप्प बसणं किती सोपं होतं! चार दिवस आरडाओरडा झाला असता, धाकटी पुन्हा इस्त्रीपाशी उभी राहिली असती, मग ती हसली नसती आणि मोठीला दुखायचं काही कारण उरलं नसतं. तिला हवं होतं ते सगळं समोर वाढून ठेवलं होतं. पण भूक मेली होती.

"कप्तान मी आहे," मोठी म्हणाली.

"काय?"

"मी. गिऱ्हाइकाच्या कोटाचा फोटो लावला आणि हिला पकडायला गेले. हिचं सुख बघवत नव्हतं मला. घ्या, मोडा हाडं."

मग धाकटीच म्हणाली, "ताई, त्या कोटाचं तिसरं बटण तुटलं होतं. पिवळा दोरा नव्हता, म्हणून मी पांढऱ्याने लावलं. फोटोत दिसत होतं. आणि ती वीट ठेवलेली टाकी मीही रोज बघते हो, भांडी घासताना."

"मग बोलत का राहिलीस?"

"समोर बोलायचा धीर नव्हता. तुम्हालाही नसावा, असं वाटलं."

मोठीला रडू आलं. पदर तोंडाला न लावता, सगळ्यांसमोर ती रडली. मग नाक ओढून मालकांना म्हणाली, "तिचा मोबाइल द्या. उद्या ती जाणार आहे. तो माणूस बरा निघाला तर पुन्हा जाईल. तिला आवडलं तर लग्न करेल. तिच्या मामांना मी स्वतः फोन करणार आहे."

सासूबाईंनी सुनेकडे बघितलं, मुलाकडे बघितलं. मालकांची मान खाली होती. आता ते अब्रूचं बोलतील, मेलेल्या भावाचं बोलतील, असं वाटत होतं. ते ताटाकडेच बघत म्हणाले, "पण मग इस्त्री कोण करणार?"

वाचकहो, एवढंच होतं ते. घराण्याचं नाव, डोक्यावरचं छप्पर, सुनेची मर्यादा, हे सगळं सोलून काढल्यावर आत एवढाच प्रश्न निघाला. ज्या घरात एखादी विधवा वर्षानुवर्षं 'घरचीच' म्हणून राबते आहे, त्या घरातल्या माणसांनी आपल्याही घराण्याचं नाव एकदा असंच सोलून बघावं. सासूबाईंनाही तो प्रश्न नागडा ऐकू आला असावा. त्या उठून आत गेल्या, पण जाताना धाकटीचा मोबाइल त्यांनी मुलाच्या हातातून काढून घेऊन तिच्या ताटाशी ठेवला.

रविवारी धाकटीचे कपडे मोठीने इस्त्री केले. वाईट केले, बाहीला दोन घड्या पडल्या. धाकटीने काही न बोलता तेच घातले. तिला दारातून जाताना बघून मोठीच्या पोटात पुन्हा बारीक कळ आलीच. जळफळाट एका दिवसात विझला असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. पण आता तिने त्याला अब्रू म्हटलं नाही.

काउंटरवर बसून तिने मोबाइल उघडला. कप्तानाचा कोट काढून टाकला आणि लिहिलं, "कप्तान नव्हताच. मी बाई आहे, लाँड्रीत असते. तुम्हाला फसवलं, माफ करा. खिडकीतून आज माझी जाऊ जाताना दिसतेय."

बसड्रायव्हर रागावला, आणि ते बरोबरच होतं. आणखी दोघं-तिघं बोलली. मग भूगोलबाईंनी लिहिलं, "खोटं बोललात ते वाईट केलंत, पुन्हा करू नका. बरं, चहा झाला का तुमचा?"

मोठीने ते पुन्हा एकदा वाचलं. मग तिने मान वळवली. मालक पंखा लावून पेपर वाचत बसले होते.

"अहो," ती म्हणाली, "मला चहा हवाय."

"मग कर की. मलाही टाक अर्धा कप."

"नाही. तुम्ही करा."

मालकांनी पेपर खाली घेतला आणि ते तिच्याकडे बघत राहिले. मोठी खुर्चीत मागे टेकून बसली. मालक उठेपर्यंत बराच वेळ गेला. वर स्वयंपाकघरात गेल्यावर साखर कुठे आहे, पातेलं कुठलं घेऊ, असं त्यांनी दोनदा ओरडून विचारलं. मोठीने बसल्या जागेवरून सांगितलं. ती उठली नाही.