उभ्या पायाचे माप

कार्तिकातले कोवळे ऊन डोंगराच्या अंगावर उतरत होते. पिकून पिवळेधमक झालेले गवत वाऱ्यासरशी लवत होते, लवून पुन्हा उठत होते. आणि त्या सुवर्णतरंगांमधून तांबड्या मातीची एक वाट डोंगराला वळसे घालीत, झाडीत शिरत, झाडीतून निसटत माथ्याकडे चढत गेली होती. माथ्यापलीकडे काय आहे ते खालच्या माळावरून दिसत नव्हते. पलीकडे उतार होता.

त्या उताराचे नाव घोरपडीची उतरण. घोरपडीनेच उतरावे असा तो उभा, निसरडा, दगडाळ. गेल्या वर्षीच्या मोटारसायकलच्या शर्यतीत वैजयंती तिथेच पडली होती आणि तिचा उजवा गुडघा तिथेच मोडला होता.

तिचा बाप, ईश्वरा मिस्त्री, त्या उताराचे कुणी नुसते नाव काढले तरी उठून जाई. मुलीला मात्र वर्षभर त्याच उताराची ओढ. गुडघ्यात सळई घातलेली ती पोर उठता-बसता एकच सांगायची, की तो उतार एकदा नीट उतरल्याशिवाय आपली भीती जायची नाही. बापाने समजावले, तो रागावला, चार दिवस बोलला नाही. पण लेकीपुढे कुठल्या बापाचे चालले आहे? शेवटी तोच पाना घेऊन गाडीशी बसला.

मोडका गुडघा फार दुमडला की ठणकायचा. म्हणून ईश्वराने गाडीचे फूटरेस्ट बोटभर खाली घेतले, बोटभर मागे घेतले. तिन्हीसांजेला अंगणात वैजयंतीला गाडीवर बसवले, स्लिपरातले तिचे पाऊल त्या दातेरी लोखंडावर ठेवले, गुडघ्याचा कोन हाताने चाचपला आणि पावलाला बरोबर सापडेल असे ब्रेकचे पेडल बसवले. चाळीस वर्षे त्याने गावाच्या स्कुटरी आणि मोपेडी अशाच मापाने लावल्या होत्या. दुखते का, असे त्याने विचारले. नाही, ती म्हणाली. कितीतरी महिन्यांनी तिचा चेहरा निवांत दिसला, आणि त्या संध्याकाळी ईश्वराला स्वतःच्या हातांचे फार कौतुक वाटले.

पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात, ते उगीच नाही.

यंदाच्या शर्यतीचा झेंडा पडला. माळावर धुरळ्याचा पिसारा फुलला. ताठ, जाड, नडगीपर्यंत चढवलेले बूट घालून वैजयंती निघाली, आणि चढ लागताच गाडीवर उभी राहिली. कारण डोंगरातली गाडी बसून चालवत नाहीत, फूटरेस्टवर उभे राहून, गुडघे सैल सोडून चालवतात. उन्हाने उजळलेली, वाऱ्याने वेढलेली ती उंच, उभी आकृती पाहून ईश्वराचा ऊर भरून आला. तेवढ्यात त्याला मागचा दिवा दिसला.

दिवा पेटलेला होता. ब्रेक दाबला की पेटायचा तो तांबडा ठिपका, चढावर, जिथे ब्रेक कुणी दाबत नाही तिथे, पेटलेला होता. गवतात शिरला तरी पेटलेला, वळणावर वळला तरी पेटलेला. तो विझेल म्हणून ईश्वरा पापणी न लववता बघत राहिला, आणि तो विझला नाही.

मग एका क्षणात त्याला सगळे कळले. बसलेले पाऊल वेगळे, उभे पाऊल वेगळे. स्लिपरातले पाऊल घोट्यात लवते, बुटातले लवत नाही. ती उभी राहिली की तिच्या बुटाचे टोक आपोआप पेडलवर टेकत होते, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. चढावर ब्रेकची गरजही पडणार नव्हती. पण मागच्या ब्रेकची चकती घासून घासून तापणार होती, ब्रेकचे तेल उकळणार होते, आणि माथ्यावर पोचेपर्यंत तो ब्रेक नावापुरता उरणार होता. त्यानंतर घोरपडीची उतरण होती.

तिचा फोन त्याच्याच खिशात होता. शर्यतीच्या माणसांना सांगावे, तर ते वर कुणाला कळवणार आणि कधी! गाडीची वाट डोंगराला तीन फेरे घालून माथ्यावर जात होती. गुराख्यांची पायवाट मात्र सरळ वर जात होती. ईश्वराने दहाचा पाना मुठीत धरला आणि तो पायवाटेला लागला.

वर, दगडांवरून वर. वर, काट्यांमधून वर. त्रेसष्ट वर्षांची छाती भात्यासारखी हलत होती, आणि कानात इंजिनांचा घोष घुमत होता. आत्ता डावीकडून, आत्ता उजवीकडून, आत्ता कुठूनच नाही. घोष थांबला की त्याचे पाय थांबत. लेकीच्या गाडीचा आवाज त्याला हजारांत ओळखू येई, पण भयाने भरलेल्या कानांना प्रत्येक आवाज तिचाच वाटत होता. देवाला काय कबूल करावे तेही त्याला सुचेना.

तो माथ्यावर पोचला तेव्हा दोन गाड्या त्याच्यासमोरून उताराच्या पोटात उडी घेऊन गेल्या. तिसरी झाडीतून निघाली. ती वैजयंती होती. ईश्वरा वाटेच्या मधोमध, दोन्ही हात पसरून उभा राहिला.

पुढच्या ब्रेकवर थरथरत, खडी उडवीत गाडी त्याच्या पायाशी येऊन थांबली. करपलेला, कडू वास त्याच्या नाकात शिरला.

"आप्पा, मधी का उभारलाय? बाजूला व्हा."

"मागचा ब्रेक दाब."

तिने दाबला. पेडल खालपर्यंत गेले. तिने पुन्हा दाबला, आणि ते पुन्हा तसेच गेले, गरम भातात बोट जावे तसे. तिने हेल्मेट काढले. समोर वीस पावलांवर वाट संपत होती आणि आभाळ सुरू होत होते. वैजयंती तिकडे बघत राहिली, आणि तिच्या ओठांवरचा रंग हळूहळू उडाला.

"तुला बसवून माप घेतलं मी," ईश्वरा म्हणाला. "तू उभारून चालवतीस. चूक माझी हाय."

ती रागावली असती तर त्याला बरे वाटले असते. ती रागावली नाही.

"मग आता उभारल्याचं घ्या," ती म्हणाली.

चकती निवून ब्रेक परत धरेपर्यंत दोघे गवतात बसून राहिले. एकामागून एक गाड्या पुढे गेल्या आणि शर्यत त्यांच्यासाठी संपली. ढकलत नेऊ या, असे ईश्वरा दोनदा म्हणाला. तिने दोनदा मान हलवली. पाना दरीत भिरकावून द्यावा, हरवला म्हणावे, असेही त्याच्या मनात येऊन गेले. लेकीशी खोटे बोलायची त्याला त्या घडीला लाज वाटली नाही, भीती वाटली. ती ओळखेल याची.

मग वैजयंती बुटांसकट गाडीवर उभी राहिली, आणि ईश्वरा जमिनीवर आडवा झाला. तांबड्या मातीत गाल टेकून त्याने खालून तिचे पाऊल पाहिले, पेडल सोडवले, खाली घेतले, बुटाच्या टोकाखाली करंगळीएवढी फट ठेवली, पुन्हा आवळले. तिला दहा वेळा दाबायला लावले. दहाही वेळा ब्रेक घट्ट लागला. अकराव्यांदा दाब, असेही तो म्हणाला.

ती गेली.

आधी चाक गेले, मग पाठ गेली, मग हेल्मेट आभाळात बुडाले. ईश्वरा कड्याशी जाऊन गुडघ्यांवर बसला. खाली धूळ होती, धुळीत दगडांचा गडगडाट होता, इंजिनाचे कण्हणे होते; एकदा काहीतरी आपटले, एकदा काहीतरी घसरले, आणि मग सगळेच थांबले. त्याने डोळे मिटले. ते उघडायचे धाडस गोळा करायला त्याला फार वेळ लागला.

धूळ विरत गेली. खूप खाली, उताराच्या पायथ्याशी, मोहरीएवढी गाडी उभी होती. मोहरीएवढ्या माणसाने एक हात वर केला.

उत्तरादाखल ईश्वराने आपला हात उचलला, तेव्हा त्याला दिसले की मूठ अजून मिटलेलीच आहे. मुठीत मुळासकट उपटलेले गवत आहे, आणि मुळांची तांबडी माती, कणाकणाने, वाऱ्यावर, त्या उतारावर ओघळते आहे.