सांत्वन – पाहा : शोक

पुस्तकातली खुणेची लाल फीत दुमडलेलीच होती, बांधणीवाल्याने ज्या पानांत ठेवली त्याच पानांत – आणि इतक्या वर्षांत तिचा ठसा कागदावर उमटून बसला होता, झोपून उठलेल्याच्या गालावर चादरीचा उमटतो तसा. तिने नखाने फीत उचलली, सोडली. ती पुन्हा आपल्या खोबणीत जाऊन पडली. म्हणजे कोणीच वाचलं नाही. वाईट वाटायला हवं होतं. तिने थोडी वाट पाहिली… वाटलं नाही.

टेबलावर तिन्ही बाजूंनी ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाची पुस्तकं. डिजिटल ग्रंथालयात कोणती जावीत त्याची शिफारस तिने करायची, उरतील ती लगद्याला. सकाळपासून हात चालत होता. पापावर कपाटभर, कृपेवर जेमतेम एक फळी; आणि एकाच देवाच्या त्रैक्यावर लिहिणाऱ्यांचं एक बरं असतं, समजलं नाही तरी दोष वाचकाचाच. असलं काही सुचलं की पूर्वी ती घरी जाऊन त्याला ऐकवायची, आणि तो नाकातून हसायचा, तळटीप दिल्यासारखा. आता सुचतं आणि तिथंच पडून राहतं.

हे पुस्तक त्याचं. नवऱ्याचं. आयुष्यात त्याने हे एकच लिहून पुरं केलं, आणि मागच्या हिवाळ्यात तो गेला. सकाळी दूध उतू जात असताना नणंदेचा फोन – वहिनी, दादाचं आधी घाल हो, नाहीतर लोक म्हणतील घरच्यांनीच मोडीत काढलं. तिने हो म्हटलं आणि शेगडी पुसली.

ग्रंथपाल भला माणूस. कोणाचं मन मोडायचं तर आधी चष्मा पुसतो. तो चष्मा पुसत येऊन उभा राहिला.

"ह्या एकाचंच अडलंय, बाई. मी काय नाही म्हणणार आहे का? पण शिफारशीच्या दोन ओळी लागतात, आणि त्या वाचलेल्यानंच लिहायच्या. तुम्ही तर घरच्याच."

"मी वाचलेलं नाही."

त्याला गंमत वाटली. "अहो, मागची शब्दसूची तुमचीच ना? प्रस्तावनेत आभार मानलेत की."

सूची माझी, खरं आहे. शब्द पकडायचा, पान टिपायचं, वाक्य सोडून द्यायचं – वाक्यात शिरलं की काम रेंगाळतं. घरी नवरा पलीकडच्या खोलीत असायचा. एकदा सलग वाच ना, म्हणाला होता, एकदाच. मी म्हटलं, सुट्टीत.

डिजिटलमध्ये सूचीची गरजच उरत नाही, ग्रंथपाल समजावत होता, शब्द टाकला की पान समोर. तो जाईपर्यंत ती मान हलवत राहिली. मग सवयीने पुस्तक मागून उघडलं. शोक – पाहा : सांत्वन. बरं. दोन पानं पुढे. सांत्वन – पाहा : शोक.

बोट तिथंच थांबलं. मागे जाऊन पाहिलं, पुन्हा पुढे. पानाचा आकडा कुठंच नाही. दोन नोंदी एकमेकींकडे बोट दाखवत उभ्या, कचेरीतल्या खिडक्यांसारख्या – इथे नाही, तिकडे विचारा. छपाईआधी तपासताना नवऱ्याच्या नजरेतूनही कसं सुटलं? की सुटलं नव्हतं, दिसलं होतं, आणि माझ्याच लक्षात येतंय का बघत तो गप्प…

म्हणजे आत कुठंतरी ते दोन्ही आहेच. कुठं, ते सांगायचं काम माझं होतं.

तिने पहिलं पान उघडलं. 'माणूस दुःखात असतो तेव्हा देव बोलत नाही, तो ऐकतो.'

ऐकतो म्हणे. जेवताना ताटाशेजारी पुस्तक उघडं ठेवून नुसतं हं-हं करणारा हा माणूस ऐकण्यावर लिहितो! पुढचं वाक्य त्याहून लांब, त्याच सुरात – शंका आपणच काढायची, आपणच खोडायची – आणि मला बोलायला जागा कुठं ठेवलीस? कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. पेन्सिल हातात कधी आली कळलं नाही. ग्रंथालयाच्या पुस्तकात, समासात, तिने दाबून लिहिलं होतं : खोटं. इतरांना ती याच गोष्टीवरून झापायची. खोडरबर हाताशी होतं. तिने घेतलं नाही.

संगणकाच्या पडद्यावर शिफारशीच्या दोन ओळींची चौकट रिकामीच होती. लाल फीत तिने जुन्या ठशातून उपसली आणि इकडे, पहिल्या पानाशी आणली. ती सरळ होईना, वाकडीच पडली. पडू दे. अजून त्याचं बोलून व्हायचं होतं, आणि तिचं तर आत्ता कुठं सुरू झालं होतं – तिने पान उलटलं.