बरणीत मुरवलेला आवाज

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर बरणीबाबांनी चिनीमातीच्या बरणीचं झाकण उचललं आणि आतून बाईचा आवाज आला, "ठकी, ये गं बाळा, इकडे ये." लोकांच्या अंगावर काटा आला. पहिल्या रांगेतल्या ठकीच्या आईला तर घामच फुटला. आवाज तिचा होता आणि तिचं तोंड मिटलेलं होतं.

तिच्या गळ्यात थायरॉईडची गाठ होती. गाठ संशयास्पद आहे, ऑपरेशन लांबवू नका, असं सर्जनबाईंनी बजावलं होतं. पण त्यात आवाज गेला तर? रस्त्यात पुढे पळणाऱ्या लेकीला हाक कशी मारायची? या धास्तीपायी ती आपली पदवी घरी कपाटात ठेवून सासूबाईंच्या मागोमाग इथे आली होती. सकाळी आतल्या खोलीत बाबांनी तिला बरणीत तोंड घालून लेकीला हाक मारायला लावली होती.

बाबांचं गुऱ्हाळ सुरू झालं. आवाज राहतो गाठीत, डॉक्टर गाठ कापतात, आवाज कचऱ्यात जातो. बाबा तो आधीच काढून बरणीत मुरवतात. मुरेपर्यंत सुरी लावायची नाही. त्यांच्याकडून आवाज परत नेलेले कितीतरी जण आज खणखणीत बोलतात.

सासूबाईंनी हात जोडले. सून मान डोलावणार, तेवढ्यात ठकी आजीच्या मांडीवरून घसरली आणि थेट बरणीपाशी गेली.

"आई, माझा बूट कुठंय?"

"ठकी, ये गं बाळा, इकडे ये," बरणी म्हणाली.

"आलेय की. बूट कुठंय?"

"ठकी, ये गं बाळा, इकडे ये."

ठकीनं वळून तक्रार केली, "आजी, ही आई बाबांसारखीच आहे. ऐकतच नाही, नुसती बोलते."

ती बिचारी आपल्या वडिलांबद्दल बोलत होती, पण सभागृह खो खो हसलं. त्या हशात आईची भीती क्षणभर सैल झाली. तिनं उठून बरणी उपडी केली. खोटा तळ निखळला आणि काडेपेटीएवढं रेकॉर्डिंगचं यंत्र टेबलावर पडलं. तिथूनही ते ठकीला बोलावतच होतं.

दुसऱ्या दिवशी सासू-सून दोघी सर्जनबाईंसमोर बसल्या. आवाज गाठीत नसतोच, असं बाईंनी चित्र काढून दाखवलं. तो स्वरयंत्रात असतो, आणि त्याला हलवणारी दोऱ्यासारखी नस दोन्ही बाजूंना थायरॉईड ग्रंथीच्या मागून जाते. आधी ती शोधायची, जपायची, मग ग्रंथी सोडवायची. नसेला अगदी बारीक करंट दिला की स्वरतंतू हलतात, श्वासनळीत घातलेल्या नळीला ते कळतं आणि यंत्र टुक करतं.

"आणि टुक नाही केलं तर?" सासूबाईंनी विचारलं.

"तर थांबायचं, कारण शोधायचं. नस दुखावली असेल तर दुसऱ्या बाजूला त्या दिवशी सहसा हात लावत नाही."

"मग बाबांची ती खणखणीत माणसं?"

"आजी, ती आमचीच, ऑपरेशन झालेली. बहुतेकांचा आवाज शाबूतच राहतो, बाबा फक्त पावती फाडतात. पण कुणाचाच जात नाही, असं मी म्हणणार नाही. काही दिवस घोगरा होतो, क्वचित कायमचाही बिघडतो."

गंमत म्हणजे, हे ऐकूनच सुनेनं होकार दिला.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर ती लेकीला हाक मारायला गेली, तर गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज निघाला. पण निघाला. ठकी धावत आली आणि म्हणाली, "आई, तू बेडूक झालीस."

भीती वाटली की माणूस हमखास खात्री देणाऱ्याकडे धावतो. त्यात लाज कसली? पण आपल्या कामातला धोका जो सांगत नाही, त्याच्या हाती आपला गळा देऊ नये.