आधी साबण

केसांचे टोप विणणाऱ्या त्या कारखान्याचं अंगण भरदुपारी माणसांनी फुललं होतं. मधल्या बाकावर कारखान्यातच टोप विणणारी एक सून आडवी, शेजारी तिच्या सासूबाई, आणि बाबा तिचं पोट कणकेसारखं मळत होते.

"करणी आहे, करणी! पण आमच्यापुढे तिची काय टाप!"

बाबांची मूठ पोटात रुतली, रक्त ओघळलं आणि चिमटीत मांसाचा लिबलिबीत तुकडा आला. कातडीवर साधा ओरखडाही नाही! सासूबाईंनी लोटांगणच घातलं.

गर्दीत फोटोवाल्या बाई उभ्या होत्या. इस्पितळात पोटाचे फोटो बघणाऱ्या या डॉक्टरीणबाईंना सगळे याच नावाने ओळखत. तीन दिवसांपूर्वी त्यांनीच सीटी स्कॅनमध्ये सुनेच्या जठरात भलामोठा गोळा पाहिला होता. अन्न पुढे सरकत नव्हतं, जठर फाटलं असतं तर जीवच गेला असता. आणि आज ऑपरेशन सोडून ती इथे! बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला, पण चेहरा गोड ठेवून त्या पुढे आल्या.

"बाबा, थोडी गाठ राहिली वाटतं. पुन्हा काढाल?"

"हवी तेवढी काढू!"

"मग आधी हात धुवा. आम्हालाही धुतल्याशिवाय आत सोडत नाहीत."

"हे हात मंत्राने शुद्ध आहेत."

"मग साबणाने काय बिघडणार?"

"खरंच की," सासूबाई म्हणाल्या. बादली त्यांनीच आणली, भक्तिभावाने बाबांचा हात धरला आणि खसाखसा चोळला. बाबांचा अंगठा सुटून पाण्यावर तरंगू लागला.

एकच किंकाळी उठली. बाईंनी अंगठा उचलून दाखवला. रबरी, पोकळ, आत लाल रंग आणि कोंबडीच्या काळजाचा चुरा. खरा अंगठा हाताला शाबूत होता. तो घेऊनच बाबांनी धूम ठोकली.

सुनेने पोट चाचपलं. गाठ होती तिथेच होती. ती रडायलाच लागली.

बाईंनी पिशवीतून सीटी स्कॅनची फिल्म काढून उन्हात धरली. "हे बघ. गोळा जठराच्याच आकाराचा, आत हवेचे ठिपके. मांस असं दिसत नाही. टोप विणताना केस कुठे धरतेस?"

"दातांत. सगळ्याच धरतात."

"आणि तुटलेले?"

"गिळते. नऊ वर्षांची सवय, थुंकायला कोण उठतंय!"

अंगणातल्या सगळ्या बायकांचे हात तोंडाशी गेले.

दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं आणि जठरातून केसांचा काळाभोर गोळा निघाला. सून आता पोटभर जेवते, तुटलेले केस बशीत ठेवते.

पोटात गाठ लागली तर सरळ फोटो काढून घ्या. आणि कुणी बाबा दारात आलाच, तर सासूबाईंनी केलं तेच करा: आधी साबण पुढे करा. खरा असेल तर त्याचं काही जाणार नाही.