जहूरची चकती

कमी पैशात लांब पल्ल्याची रायफल घ्यायला आलेला माणूस आधी दस्त्याच्या लाकडावरून हात फिरवतो. मग दुर्बीण डोळ्याला लावून "वा!" म्हणतो. नळीकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. माझं डोकं तिथेच फिरतं. अरे, तीनशे मीटर जायचंय ते गोळीला, तुझ्या दस्त्याला नाही! पैसे मोजके असतील तर ते नळीवर घाल. जाड, जड नळी घे. दुर्बीण साधी चालेल, लाकूड ओरखडलेलं चालेल. अबू धाबीच्या क्लबात सात वर्षं मी येईल त्याला हेच ऐकवत होतो. आणि शेवटी चुकीची रायफल घेतली ती मीच.

मी रामेश्वर घोगळे, सावंतवाडीकडचा. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली, त्यातली निम्मी जवानांना नेमबाजी शिकवण्यात. निवृत्त झाल्यावर मुसफ्फाच्या पलीकडे वाळूत असलेल्या या क्लबात उस्ताद म्हणून आलो. हत्यारं सांभाळायची आणि सभासदांना शिकवायचं. माझ्याबरोबर जहूर होता, पाकिस्तानातल्या झेलमचा. तोही तिकडच्या फौजेतून निवृत्त. आम्ही एकमेकांच्या फौजेबद्दल कधी बोललो नाही, पण चहा सात वर्षं एकाच किटलीतला प्यायलो.

जहूरचं काम खड्ड्यातलं. तीनशे मीटरवर टार्गेटच्या खाली काँक्रीटचा खड्डा आहे, त्यात तो बसायचा. गोळी लागली की फ्रेम खाली ओढायची, भोक शोधायचं, त्यावर कागदाची पट्टी चिकटवून ते बुजवायचं आणि फ्रेम वर ढकलायची. मग लांब काठीला लावलेली पांढरी चकती टार्गेटवर धरून गोळी कुठे लागली ते दाखवायचं. टार्गेटच चुकलं तर लाल झेंडा हलवायचा. एवढ्या लांबून दुर्बिणीतूनही भोक दिसत नाही, वाळूवरून गरम हवा लहरत असते. त्यामुळे चकती दाखवेल ते खरं. त्यावर आम्ही कधी वाद घातला नाही.

नव्याण्णवच्या नोव्हेंबरात क्लबचे सेक्रेटरी मधू माझ्याकडे आले. केरळचे, हिशेबाला पक्के, बोलायला गोड.

"घोगळेसाब, जानेवारीत अल ऐनला थ्री हंड्रेड मीटरची मॅच आहे. अपने बच्चों के लिए एक रायफल लेनी है. बजेट सिक्स थाउजंड दिरहॅम. बस, खलास."

"सहा हजार म्हणजे सत्तर हजार रुपये," मी म्हणालो. "सत्तर हजारांत गावाकडे घराचं छप्पर होतं, साहेब. इथे नुसती नळी येईल."

शेवटी दोन रायफली समोर आल्या. एक जुनी, देश सोडून चाललेल्या एका इंजिनिअरने क्लबात विकायला ठेवलेली. दस्त्याला ओरखडे, पण नळी जाड. दुसरी दुकानातली कोरी करकरीत. अक्रोडाचं लाकूड, वर दुर्बीण, पण नळी करंगळीएवढी. शिकारीला ठीक, एक-दोन गोळ्यांत काम होतं. मॅचमध्ये दहा गोळ्या एकापाठोपाठ मारायच्या असतात. पातळ नळी तापते, आणि तापली की गोळी वर चढत जाते. मला हे पाठ होतं. तरी फौजेतली सवय अशी, की मारून बघितल्याशिवाय निकाल द्यायचा नाही.

सकाळी मी दोन्हींतून दहा-दहा गोळ्या मारल्या. मधू शेजारी वही घेऊन उभे होते. चकती प्रत्येक वेळी मधल्या काळ्या गोलात आली. जुनीतूनही आणि नवीतूनही. मी चकित झालो. पातळ नळीच्या दहा गोळ्या आणि एकही वर चढली नाही! खरं सांगतो, मी सुखावलो. त्रेपन्नाव्या वर्षी हात असा चालतो म्हटल्यावर कोण सुखावणार नाही? दोन्ही सारख्याच, तर मग कोरी घेऊ, दुर्बीणही मिळतेय, असं म्हणून मी बोट दाखवलं आणि मधूंनी नवी रायफल घेतली.

ती रायफल मिळाली समिधाला. सोळा वर्षांची पोर, वडील बँकेत, घर मूळचं ठाण्याचं. दर शुक्रवारी वडील तिला सोडून जायचे. मी मराठीत बोलायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. पण तिच्यासारखा स्थिर खांदा मी फौजेतही मोजकाच पाहिला. लहान रायफलवर ती मोठमोठ्यांना पाणी पाजायची.

नव्या रायफलवर मात्र तिचं गणित बिघडलं. पहिल्या तीन गोळ्या बरोबर मध्ये, मग चौथी वर, पाचवी आणखी वर, आठवी तर कागदाच्या कडेला.

"गाल उचलतेस तू," मी ओरडायचो. "चाप ओढायच्या आधीच बघायला जातेस, कुठे लागली म्हणून!"

"आय अ‍ॅम नॉट, अंकल."

"मग रायफल खोटं बोलते? याच रायफलीतून मी दहाच्या दहा आत मारल्यात. विचार मधूसाहेबांना."

असे तीन शुक्रवार गेले. तिसऱ्या शुक्रवारी पोरगी रडली. डोळे पुसून पुन्हा आडवी झाली आणि पुन्हा तेच. तिच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "उस्ताद, हिला जमणार नसेल तर तसं सांगा. उगाच आशा नको." मी म्हणालो, "अजून एक आठवडा बघू." तिची आशा माझ्या एका शब्दावर टांगलेली होती, आणि मी तो शब्द माजात वापरत होतो. आज आठवलं की लाज वाटते.

चौथ्या शुक्रवारी जहूर तापाने फणफणला होता. खड्ड्यात बागकामावरचा रफिक बसला. त्याला मी अर्ध्या तासात काम शिकवलं. समिधाच्या गोळ्या पुन्हा वर चढल्या. माझा तोल गेला.

"ऊठ. बघ, कसं मारतात."

रफिकला नवा कागद लावायला सांगून मी आडवा झालो. दुर्बिणीत टार्गेट धुरकट दिसत होतं. गेली दोन वर्षं असंच दिसायचं. मी म्हणायचो, हवा गरम आहे. त्या दिवशी डिसेंबरची सकाळ होती आणि मी स्वेटर घातला होता, तरी मला काही सुचलं नाही. दहा गोळ्या मारल्या.

पहिली चकती डावीकडे खाली. दुसरी उजव्या कडेला. मग लाल झेंडा. मग दोन चकत्या वर, पुन्हा झेंडा, आणि उरलेल्या चार आणखी वर, इकडेतिकडे. समिधा माझ्या मागे उभी राहून बघत होती. मी खड्ड्याला जोडलेला फोन उचलून रफिकवर तोंड सोडलं.

"अंधा है क्या? पट्टी मत लगा! कागज उतार के ले आ इधर!"

रफिक बिचारा कागद गुंडाळून धावत आला. शेवटच्या गोळीचं भोक त्यावर उघडं होतं आणि आधीची सात पट्ट्यांखाली. कोणाचा कोणाला पत्ता नाही. पण समिधा वाकून बघत राहिली. चकती कुठून कुठे गेली ते आठवत तिने क्रमाने एकेका पट्टीवर बोट ठेवलं.

"अंकल," ती हळूच म्हणाली, "इट्स गोइंग अप फॉर यू टू."

भोकं विखुरलेली होती ती माझ्यामुळे, पण विखुरता विखुरता वर चढली होती ती नळीमुळे. मी कपाटातून ती अजून न विकलेली, ओरखडलेली जुनी रायफल काढली आणि तिच्या हातात दिली. आधी नवीवरची दुर्बीण जुनीवर बसवून जुळवून घेतली, मग तिने दहा गोळ्या मारल्या. कागद मागवला, तर दहाही भोकं माझ्या तळहाताखाली झाकली गेली.

मला आनंद व्हायला हवा होता. पण नोव्हेंबरात त्या पातळ नळीतून माझ्या दहा गोळ्या आत लागल्याच कशा?

दुपारी तो कागद घेऊन मी मुसफ्फात जहूरच्या खोलीवर गेलो. सहा खाटांची खोली, जहूर खालच्या खाटेवर पांघरूण घेऊन. कागद पाहिला आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं.

"कितने दिन से?" मी विचारलं.

"दो साल, उस्ताद."

"दोन वर्षं तू मला खोटी चकती दाखवलीस?"

"आपकी आँख में मोतियाबिंद है. दूर से आते हुए मुझे पहचानते नहीं आप. दफ्तर को मालूम होता तो अगले जहाज से घर. लड़की की शादी बाकी थी आपकी." तो उठून बसला. "गोली बाहर गई, मैंने चकती अंदर रखी. बस."

"और उस दिन? रायफल का इम्तिहान था, जहूर!"

"मुझे किसने बताया? गड्ढे में उतरने से पहले मैंने देखा, मधूसाब कॉपी लेकर आपके पास खड़े हैं. मैं समझा, इम्तिहान आपका है."

मला त्याच्यावर भडकायचं होतं. पण माझी नोकरी त्याने दोन वर्षं एका काठीवर तोलून धरली होती. आणि तेवढ्यासाठी एक पोर तीन शुक्रवार माझ्या शिव्या खात होती. मी त्याच्या खाटेवर बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या माणसासमोर रडलो. जहूरने मला त्याच्या वाटणीचा चहा दिला.

शनिवारी मी मधूंसमोर उभा राहून सगळं सांगितलं. फक्त जहूरचं नाव घेतलं नाही. म्हटलं, चूक माझी, डोळा माझा. मधूंना किती कळलं ते त्यांनाच ठाऊक. नवी रायफल आफ्रिकेत शिकारीला जाणाऱ्या एका सभासदाने खुशीने घेतली आणि तिच्या जागी जुनी आली. उस्ताद म्हणून जहूर वर आला. करार संपेपर्यंत मी खाली खड्ड्यात जाणार होतो. भोक हाताच्या अंतरावरून तर दिसतं मला.

समिधाला मी तिच्या वडिलांसमोर सांगितलं, "बाळ, तू गाल उचलत नव्हतीस. रायफल वाईट होती आणि ती मी निवडली होती. तुला मी उगाच बोललो." तिने नुसती मान हलवली. तिने माझ्यावर ओरडायला हवं होतं.

निवडीचा शुक्रवार आला. शंभरांपैकी नव्वद मिळाले तर अल ऐन. मी खड्ड्यात एकटा. वर गोळी कडाडायची, मी फ्रेम ओढायचो, पट्टी लावायचो, चकती दाखवायचो. नऊ गोळ्यांत ब्याऐंशी झाले. शेवटची आठात लागली की पोर संघात.

दहावी गोळी आली. मी फ्रेम खाली ओढली. भोक आठाच्या रेषेबाहेर होतं, अर्धं बोट. सात.

काठी माझ्या हातात होती. अर्ध्या बोटाचा तर प्रश्न, आणि तीनशे मीटरवरून कोणाला दिसतंय? पट्टी लावली की खलास. या पोरीचं मी देणं लागत होतो, तीन आठवड्यांचं. जहूर दोन वर्षं इथेच, याच जागी, अशीच काठी धरून उभा राहिला असेल. किती सोपं होतं त्याला, आणि किती जड गेलं असेल, ते मला तेव्हा कळलं.

मी पट्टी लावली, फ्रेम वर ढकलली आणि चकती धरली. जिथे भोक होतं, तिथेच.

मग फोन वाजला. मला वाटलं जहूर असेल, पण आवाज समिधाचा होता.

"सेव्हन, अंकल?"

"सात," मी म्हणालो. "एकोणनव्वद."

"येस. आय लिफ्टेड माय चीक," ती म्हणाली. "या वेळी खरंच उचलला."

एवढं मराठी ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली. मी फोन ठेवला, नवा कागद फ्रेमवर ताणला आणि पुढच्या माणसासाठी वर ढकलला.